सेलूचा शालिमार

सर, तुम्हाला बादशहा करायचं चाललंय. थट्टा करत नाही. परवा संस्थेची बैठक झाली, उन्हाळ्याची सुट्टी असूनही झाडून सगळे आले आणि तुमच्या माघारी तुमच्याबद्दल इतकं गोड बोलले की तुम्ही असता तर 'बरं, माझा तास हाय' म्हणत उठून गेला असता. ठरलं असं की शाळेच्या बागेला साळवे सरांचं नाव द्यायचं. रस्त्याच्या अंगाला, म्हणजे बागेच्या खालच्या टोकाला, मोठी कमान उभारायची. आणि वरच्या टोकाला, जिथून पाणी निघतं तिथं, पाटावर चौथरा बांधून तुमचा अर्धपुतळा बसवायचा. पाहुणे कमानीतून आत येतील, पायऱ्या चढत वर जातील आणि तुम्हाला हार घालतील. नकाशा काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण शाळेत चित्रकलेची बाई एकच.

मी बैठकीत मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं, नीट सुचतही नव्हतं. घरी येऊन कागद पसरला, पट्टी ठेवली, उतार दाखवायला रेघा मारल्या आणि मग लक्षात आलं की हा नकाशा मी पूर्वी काढलेला आहे. तुम्हीच काढायला लावला होता. शालिमारचा.

सातवीच्या इतिहासात मोगलांच्या बागांना जेमतेम चार ओळी होत्या. त्या चार ओळींवर तुम्ही आठवडाभर तास घ्यायचात, आणि औरंगजेब बिचारा परीक्षा तोंडावर आली तरी गादीवर बसायचा राहिलेला असायचा. मी शाळेत नवी होते. तुम्ही मला वर्गात बोलावून घेतलंत, हातात खडू दिलात आणि म्हणालात, "बाई, एक डोंगर काढा. त्याच्या पायथ्याला तळं. मधी उतार." मी काढला. तुम्ही मान वाकडी करून बघितलंत. "हा बालाघाट झाला. काश्मीरचा काढा, उंच."

मग तुम्ही मुलांना विचारायचात, "पाणी कुठून आलं?" मुलं ओरडायची, "वरून!" "आन् तुमी कुठून आलात?" "खालून!" "मग वर कोण बसलंय?" इथं तुम्ही बाग उलगडायला घ्यायचात. दल सरोवरातून नावेनं यायचं, कालव्यातून बागेच्या पायथ्याशी उतरायचं. पहिला टप्पा दिवाण-ए-आम, रयतेसाठी. त्याच्या वरचा दिवाण-ए-खास, तिथं फक्त उमराव. सगळ्यांत वर जनानखाना, बादशहा आणि बेगमेचा, तिथं पुढं शाहजहाननं काळ्या संगमरवराची बारादरी बांधली. आणि या सगळ्याच्या मधोमध, डोंगरातून निघालेला एकच सरळ पाट, तिन्ही टप्पे उतरत खाली तळ्याकडे जाणारा. जहांगीर उन्हाळ्यात तिथं येई. रयत दिवाण-ए-आमच्या टप्प्यावर थांबे आणि त्याचं आसन तिथं कुठं होतं, तर वाहत्या पाण्याच्या वर. काळ्या दगडाचं आसन, खालून पाणी आरपार. "म्हंजी बघा," तुम्ही म्हणायचात, "जे पाणी रयतेला दिसायचं ते आधी हुजुरांच्या बुडाखालून आलेलं." मुलं हसून लोळायची. तुम्ही मात्र हसायचा नाहीत.

निजामाच्या राज्यात तुम्ही उर्दूत शिकलेले. धबधब्याला आबशार, मंडपाला बारादरी, दिव्यांच्या कोनाड्यांना चिनीखाना हे शब्द तुमच्या तोंडून इतके सहज यायचे की मुलांना वाटायचं सरांचं आजोळ तिकडंच कुठंतरी आहे. आजोळ कसलं, सगळं गणगोत पालमकडचं.

त्याच दिवसांत मी बघितलं की शिक्षकांच्या खोलीत तुम्ही घरून आणलेला तांब्या ठेवता. आमच्या घरी सासूबाईंची शिवपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, त्यामुळे मला वाटलं तुमचंही काही व्रत असेल. विचारलंच मी. तुम्ही म्हणालात, "व्रत कसलं बाई, सवय हाय. आमी शाळेत होतो तवा शिपाई वरून पाणी ओतायचा, आमी खाली ओंजळ धरायची. त्याला यायला उशीर झाला की तहान तशीच. तवापासून आपलं पाणी आपल्यापाशी बरं." एवढं सांगून तुम्ही तासाची घंटा झाली म्हणून उठलात.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव घरं पेटली. तुमच्या गावात वस्तीचं पाणी बंद केलं. भाऊ, भावजय, म्हातारी आई, सगळे बोचकी घेऊन तुमच्या दोन खोल्यांत आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत वेळेवर आलात, शर्टाला इस्त्री करून. तुम्ही आत आल्याबरोबर खोलीतले सगळे एकाएकी वर्तमानपत्र वाचायला लागले. मला तुमच्याशी बोलायचं होतं. शेवटी मी विचारलं, "सर, आज नकाशा काढायचा का?"

"काढा की," तुम्ही म्हणालात. "आज दिवाण-ए-आम घ्यायचाय."

त्या तासाला कुणी हसलं नाही. तुम्ही बुडाखालचं वाक्य घेतलंच नाहीत. फळ्यावरच्या पाटावर बोट ठेवून तुम्ही इतकंच म्हणालात, "बाग बघायची असली तर फुलं मागून बघा. आधी पाणी कुणाच्या हातात हाय ते बघा." मी फळ्यापाशीच उभी होते. तो माझाही धडा होता, पण मी काही सरळ ऐकून घेणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला पुढं कळलंच.

काही वर्षांनी आमच्या ह्यांच्या रेल्वेच्या पासवर आम्ही काश्मीरला निघालो. मी म्हटलं, तुम्हीही वैनींना घेऊन चला. तुम्ही म्हणालात, "आधी तुमी बघून या. आमी मागून जातो." आणि मला कामं सांगितलीत: "उगं फोटू काढत बसू नका. त्या आसनापाशी उभं राहा आन् खाली बघा. खालचा माणूस किती दिसतो ते मला सांगा."

मी परत आले ती भांडायच्या तयारीनंच. काय बाग ती, सर! चिनारांची सावली अशी दाट की ऊन वरच्या वर थांबतं. पाणी टप्प्यावरून खाली उतरताना नुसता पडदा होतो आणि त्या पडद्यामागं भिंतीत कोनाडे, तुम्ही सांगितलेला चिनीखाना. दिवसा तिथं फुलं ठेवायचे आणि रात्री दिवे, पाण्याआडून दिसावेत म्हणून. मी चपला काढून वरच्या टप्प्यावर पाण्यात पाय सोडून बसले. "तुमचं आम आणि खास काही राहिलं नाही तिथं," मी तुम्हाला सांगितलं. "पंजाबातली एक बाई जनानखान्यात बसून पराठे खात होती."

"आज खाऊ दिलं," तुम्ही म्हणालात. "बाग त्यासाठी बांधली नव्हती."

"कशासाठी बांधली ते बादशहाबरोबर गेलं. बाग राहिली."

"बाग राहिली म्हंजी नकाशा राहिला, बाई. रिकामी खुर्ची राहिली की कुणीतरी येऊन बसतंयच."

"सुंदर गोष्टीला नुसतं सुंदर म्हणायला तुमचं काय जातं?"

"सुंदर हाय म्हणून तर एवढा जीव लावलाय. बदसूरत असती तर सोडून नसती का दिली?"

हे भांडण आपण वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खाल्लं. मधल्या सुट्टीत, सहलीच्या गाडीत, देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत. दोन्ही बाजूंचे मुद्दे इतरांनाही पाठ झाले होते. मुख्याध्यापक तर आपल्याला बघून म्हणायचे, "चला, दरबार भरला." आणि गंमत म्हणजे त्या बागेला रोज नावं ठेवणाऱ्या तुमच्याइतकं तिच्यावर प्रेम केलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्याच भांडणातून आपली बाग झाली. शाळेच्या पाण्याच्या टाकीपासून रस्त्यापर्यंत उताराची जागा होती. मुलं नळावर पाणी प्यायची, डबे धुवायची आणि ते पाणी उतारावर पसरून सदानकदा चिखल. तुम्ही त्या चिखलाकडे बघून म्हणालात, "पाणी हाय, उतार हाय. बादशहाकडं आणिक काय होतं?" मी नकाशा काढला. वर टाकी, मधून पाट, तीन पायऱ्यांचे टप्पे, आडवा दुसरा पाट टाकून चार चौक, अगदी चारबाग. दार मी रस्त्याकडून दाखवलं होतं, शालिमारसारखं, खालून. तुम्ही ते खोडलंत आणि वर, नळांपाशी काढलंत. आणि मुख्याध्यापकांना नि पाहुण्यांना बसायचा दगडी ओटा तुम्ही नेऊन ठेवलात पार खाली, पाट संपतो तिथं.

"मुख्याध्यापकांना शेपटाला बसवता?" मी म्हटलं. "नोकरी नको झाली काय?"

तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत. "कॅनॉल बघितलाय न्हवं तुमी? ज्याचं रान तोंडाशी त्याचा ऊस. ज्याचं शेपटाला त्यानं आभाळाकडं बघायचं. तोंडाशी बसलेल्याला शेपटाचं कदीच दिसत न्हाई, त्यो माणूस वाईट असतो म्हणून न्हवं, तिथून दिसतच न्हाई. म्हणून मोठ्या माणसाला शेपटाला बसवा. पाणी आलं न्हाई की त्यो ओरडंल. मोठा ओरडला की मग सगळ्यांला पाणी."

असा उलटा शालिमार जगात दुसरीकडे नसेल. लेकरं वरून आत येतात, पाण्याच्या उगमापाशी त्यांचाच गलका, आणि साहेब लोक खाली बसून पाण्याची वाट बघतात. चिनीखानाही केला आपण, तीन कोनाडे. त्यांत दिवे कधी लागले नाहीत. पोरं तिथं जेवणाचे डबे ठेवायला लागली, गार राहतात म्हणून. मी रागावले तर तुम्ही म्हणालात, "जहांगीराला सुचलं न्हाई ते."

आणि आपली ती चूक! दिवाळीच्या सुमाराला बाग बघण्यासारखी होती. सिमेंटचे पाट, कडेला झेंडू आणि गुलबक्षी, चिनारांच्या जागी कडुनिंबाची रोपं, पाण्यावर जिनिंगमधून उडून आलेले कापसाचे पुंजके. फाल्गुन आला आणि काळी माती सुकून फाटली. पाटाला हात जाईल अशा भेगा. वर टाकीतून पाणी सोडलं की पहिल्या पायरीपर्यंतसुद्धा येईना, जमीन गिळून टाकायची. आपण दोघं पाटाच्या दोन बाजूंना उकिडवे बसून त्या भेगांकडे बघत होतो. इथं गुरांचा गोठा बांधायचा तरी माणूस मुरूम लागेपर्यंत खणतो, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. हे लेकराला माहीत. आपण दोघं याच मातीत वाढलेले, आणि काश्मीरच्या नादात पाट सरळ काळ्या रानावर टेकवले होते.

"बाई," तुम्ही म्हणालात, "बादशहा आपल्या डोक्यात पार मुरला होता म्हणायचा."

तेवढ्यात मुख्याध्यापक खालच्या ओट्यावरून ओरडले, "अहो साळवे, पाणी कुठं हाय?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि आपण दोघं असे हसलो की मला मातीत बसावं लागलं. पुढच्या सुट्टीत काळी माती उपसून मुरूम भरला आणि पाट नव्यानं घातले. ते आजवर टिकलेत.

नव्वदच्या सुमाराला काश्मीरच्या वाटा बंद झाल्या. तुमचं 'मागून जातो' राहून गेलं. वर्तमानपत्रात तिकडची बातमी आली की तुम्ही ती घडी घालून बाजूला ठेवायचात आणि म्हणायचात, "चिनारांला पाणी कोण घालत असंल?" जन्मभर शिकवलेली बाग तुम्ही पाहिली नाहीत आणि मी, जी तिथं तासभर पाण्यात पाय घालून बसले, तिला ती तुम्ही शिकवली तेवढीच समजली. हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर भांडण संपलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

या वर्षी संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं. नामांतर नाही, नामविस्तार. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पेढे दिलेत. मी विचारलं, "झालं का सर मनासारखं?" तुम्ही म्हणालात, "झालं. अर्ध्याच्या वर झालं." मी पेढा खाल्ला, तुम्ही खाल्लात. सोळा वर्षांत इतकं काही झालं होतं. खिडकीतून पोरांचा नळावरचा दंगा ऐकू येत होता. तुम्ही तिकडेच बघत होतात. मला वाटलं, निवृत्तीला अजून अवकाश आहे, बोलू सावकाश.

आणि वैशाखात तुम्ही गेलात. रात्री जेवून झोपलात ते सकाळी उठलाच नाहीत. सर, मला तुमचा रागच आलाय. इतकं भांडण अर्धवट टाकून असं कुणी जातं का?

तर तो नकाशा. कागदावर तुमचा पुतळा पाटाच्या वर काढला आणि माझा हात थांबला. दार खालून, उतरत येणारं पाणी, त्याच्यावर बसलेले तुम्ही. प्रेमापोटी का होईना, लोकांनी तुमची बाग सुलटी करून टाकली होती. मी संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, मोठ्या माणसाला खाली बसवलं तर लोक काय म्हणतील? त्यातून साळवे सरांना. लगेच भलता अर्थ निघंल." त्यांचंही खोटं नव्हतं. मग म्हणाले, "वैनींना विचारा. त्या म्हणतील तसं करू."

मला वाटलं, सुटले. वैनी तुमच्याच बाजूनं बोलतील. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजलीच्या गर्दीत त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं, म्हणून काल दुपारी मुद्दाम गेले. सगळं समजावून सांगितलं: शालिमार, कॅनॉल, शेपटाचा ओटा. वैनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला नकाशातलं कळत न्हाई. पर वर म्हंजी वर, येवढं कळतंय. जल्मभर त्यांनी खालून ओंजळ धरली. नाव लागायला सोळा वर्सं गेली, तेबी अर्ध. आता सगळं गाव म्हनायलंय की त्यांला वर बसवू. आन् तुमी म्हनायलात खाली. बसू द्या की वो त्यांला वर एकदा. जाऊ द्या पानी त्यांच्या पायाखालून."

तुमचा मुद्दा मला तोंडपाठ, पण वैनींपुढं तो मला मांडताच येईना. घरी आले आणि दोन नकाशे काढले. एकात तुम्ही वर, पाण्यावर, पुढं कमान. दुसऱ्यात कमान नाही, दार आहे तिथंच नळांपाशी, आणि तुम्ही पार खाली ओट्याशेजारी, वर लेकरांकडे तोंड करून. आज सकाळी दोन्ही वैनींपुढं ठेवले. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ दोन्हींवरून बोट फिरवत राहिल्या.

"ह्यातला त्यांचा कोनचा?"

मी खालच्या ओट्याचा दाखवला.

"आन् तुमचा?"

सर, इतकी वर्षं मी तुमच्याशी हट्टानं भांडले की बाग ही नुसती बाग असते, कोण कुठं बसलं यानं काही बिघडत नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तुम्ही वरच हवे होतात. सगळ्यांच्या वर, सगळ्या सेलूला रस्त्यावरून दिसतील असे. मी वरच्या पुतळ्याच्या नकाशावर बोट ठेवलं.

वैनींनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. मग मला म्हणाल्या, "म्हंजी आपुन दोघी येक, आन् ते येकलेच. तरीबी त्यांचंच होनार, व्हय?"

"तुम्ही सांगाल तसं," मी म्हटलं.

त्यांनी तुम्हाला वर बसवलेला कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि उशाखाली ठेवला. खालचा माझ्या हातात दिला. "ह्यो द्या शाळेत," त्या म्हणाल्या. "त्यो मला राहू द्या."

उद्या नेऊन देणार आहे. तुमचाच नकाशा, एक रेघ बदललेली नाही. तुम्ही जिंकलात सर, नेहमीसारखे. पण तुम्हाला वर बसवायचं आमच्या दोघींच्या फार मनात होतं, एवढं तुम्हाला कळायला हवं.